अवलंबून असल्याचा कागद

नास, ६ सप्टेंबर

स्नेहलताताई यांस,

नमस्कार. विनंती विशेष वगैरे लिहायला गेले तर तुम्ही लाल शाईने खुणा करून परत पाठवाल, म्हणून सरळ सुरू करते. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं पत्र आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने आंघोळ करा आणि मग वाचायला घ्या.

फोन सोडून पत्र का, असं विचाराल. आपली मुलं फोन स्पीकरवर टाकतात. परवा मी तुमच्या गुडघ्याची चौकशी करत होते, तर माझा हर्षवर्धन स्वयंपाकघरातून ओरडला, "व्हिटॅमिन डी घ्यायला सांग!" दोन विहिणींनी बोलायचं आणि सगळ्या घराने ऐकायचं, हा काय तमाशा? तुमची अक्षया माझी सून. रीतीने पाहिलं तर आपण एकमेकींच्या खोड्या काढायच्या. पण या मुलखात मराठीतून खोडी काढायला तुमच्याशिवाय दुसरं आहे कोण? आपल्या नातीने, तन्वीने, टपालाची तिकिटं आणून दिली आहेत. इथे टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी वॉटरफोर्डला पोचतं म्हणते.

तर इथे आयर्लंडात नवा पंतप्रधान आला, हे तुम्ही पाहिलंच असेल. टीशक म्हणतात त्याला. त्याचं नाव काही माझ्या जिभेवर बसत नाही. घरात तर तो आल्यापासून दोन चुली झाल्यासारखं आहे. अक्षया हॉस्पिटलच्या लॅबमधून आली की टीव्ही बंद करते. म्हणते, आमच्या लॅबमध्ये अर्ध्या मुली केरळच्या आणि फिलिपिन्सच्या, सगळ्या घाबरल्यात. हर्ष जेवतो, ताट उचलतो, कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या त्या कारखान्यात निघून जातो.

मला विचाराल तर माणूस मला वाईट वाटला नाही. बाह्या वर करून बोलतो. गिरणीचा पट्टा तुटला तर हाताने बसवेल असा दिसतो. 'आधी घरचे, मग बाहेरचे' असं त्याचं म्हणणं आहे, तन्वीने सांगितलं. यात चूक काय? मीसुद्धा गिरणीत आधी गल्लीतल्या बायकांचं दळण घ्यायची, मग वाडीवरच्यांचं.

पण अक्षया म्हणते, तो आपल्यासारखे म्हातारे आईबाप परत पाठवणार. तुमचं-माझं इथे राहायचं कार्ड डिसेंबरअखेर संपतं. दोघी एकाच महिन्यात आलो होतो ना. हर्ष म्हणतो, काही होत नाही. तुमचं नागपूरचं घर तरी आहे. माझं कऱ्हाडचं घर आणि गिरणी, दोन्ही विकून झालं. परत जायचं तर कुठे, एस्टी स्टँडवर?

तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. अक्षर मोठं काढा.

सुरेखा


वॉटरफोर्ड, ११ सप्टेंबर

प्रिय सुरेखाताई,

आपले पत्र मिळाले. लाल शाई मी निवृत्तीच्या दिवशी शाळेत ठेवून आले, तेव्हा निर्धास्त लिहीत जा. एकच सांगते, 'परिस्थिती'मध्ये आधी रि येते, मग स्थि. (तुम्ही हा शब्द लिहिलेला नाही, पण पुढे लागेल.)

आपण विचारले म्हणून स्पष्ट लिहिते. मला या माणसाचे येणे पटले आहे. तीस वर्षे मी शाळेत काढली. ढिला मुख्याध्यापक गेला आणि कडक आला की पहिल्या महिन्यात सगळ्यांच्या तोंडाला कोरड पडते. पण त्रास कोणाला होतो? उशिरा येणाऱ्यांना. वेळेवर येणाऱ्याला काय फरक पडतो? डब्लिनला गेले असताना कालव्याच्या काठी लागलेले निर्वासितांचे ते तंबू मी पाहिले आहेत. हे असेच चालू द्यायचे का? आपण रीतसर अर्ज करून, शिक्के मारून घेऊन, विमा काढून आलो आहोत. आपला प्रश्न वेगळा आहे.

माझ्या मुलाचे, आशिषचेही असेच मत आहे. त्याला अजून नागरिकत्व मिळालेले नाही, त्यामुळे मत द्यायचा प्रश्न नव्हता. मात्र परवा त्याचे आणि अक्षयाचे फोनवर बरेच वाजले. अक्षया लहानपणापासून जराशी हळवी आहे. वर्गात कोणाला शिक्षा झाली की हिचे डोळे भरायचे. तिला सांभाळून घ्या. कार्डाची काळजी करू नका. वेळेवर अर्ज केला की नूतनीकरण होईल.

तुमचा गुडघा कसा आहे ते तुम्ही लिहिलेच नाही. फोनवरही माझाच विचारलात.

आपली,
स्नेहलता


नास, १६ सप्टेंबर

स्नेहलताताई,

गुडघा आहे तिथेच आहे. आता ऐका. घरात मी आग लावली आहे, आणि तीही नकळत.

आमच्या शेजारची बर्नी तुम्हाला माहीत आहे. पंचाहत्तरीची, नवरा जाऊन दहा वर्षं झाली, सगळ्याला 'ग्रँड' म्हणते, म्हणजे झकास. पाऊस पडला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही. तरी कुंपणावरून आमचं रोज अर्धा तास चालतं. ती मला तिचा तपकिरी पाव देते, मी तिला थालीपीठ देते.

परवा मी कपडे वाळत घालत होते. ती आली आणि म्हणाली, "युवर मॅन इज इन." मी म्हटलं, हां. मग परत म्हणाली, "युवर मॅन विल सॉर्ट देम आउट." आणि वर हसली. आता युवर म्हणजे तुमचा आणि मॅन म्हणजे माणूस, एवढं मला कळतं. टीव्हीवर तो टीशक बोलत होता, तिच्या खिडकीतून दिसत होता, आणि ही मला म्हणते 'तुमचा माणूस'. तीन वेळा म्हणाली. माझं डोकंच फिरलं. म्हणजे काय, आम्ही आणला का त्याला? आम्हाला टोमणा मारतेस?

तिची पावाची ताटली माझ्याकडे होती. धुतली, पुसली आणि रिकामी नेऊन दिली. रिकामी, ताई! आयुष्यात मी कोणाचं भांडं रिकामं परत केलं नव्हतं. निदान चार दाणे साखरेचे तरी टाकायची. तिला काय कळणार त्यातलं, पण मला कळत होतं.

जेवायला बसलो. माझं तोंड कुठे गप्प बसतंय! मी म्हटलं, "काय रे हर्ष, हा टीशक आपला माणूस कधीपासून झाला? बर्नी म्हणते तुमचा माणूस आला."

हर्षचा घास हातातच राहिला. म्हणाला, "तिला कोणी सांगितलं?"

बस. एवढंच. 'कशाला तसं म्हणेल' असं म्हणाला नाही. 'तिला कोणी सांगितलं' म्हणाला.

अक्षयाने चमचा खाली ठेवला. "काय सांगितलं कोणी, हर्ष?"

तेवढ्यात तन्वी हसायला लागली. तिच्या त्या आयरिश हेलात म्हणते, "आजी, युवर मॅन मीन्स लाइक, दॅट फेला. एनी फेला!" म्हणजे इथे कोणाही माणसाला युवर मॅन म्हणतात. आपला नाही, परका नाही, तो अमुक एवढंच. बर्नी बिचारी साधं बोलत होती.

पण तोपर्यंत हर्षच्या तोंडून गेलं होतं. तुमच्या जावयाने त्या माणसाला मत दिलंय, ताई. दोन वर्षांपूर्वी इथला पासपोर्ट मिळाला, आणि पहिलं मत त्याला. अक्षयाला सांगितलं होतं दुसरंच.

मग जे झालं ते लिहीत नाही. हर्षचं एकच पालुपद, "आम्ही नियमाने आलो, टॅक्स भरतो. ते आपल्याबद्दल नाहीये." अक्षया म्हणाली, "तुझी आई टॅक्स भरते? माझी आई भरते?" तर म्हणे, "त्यांचंही नाव त्याच्यात नाही."

मी त्याला एकच विचारलं. "तो ज्यांच्याबद्दल बोलतो, त्यांची यादी तू वाचली आहेस का?" उठून गेला.

आता दोघं तन्वीच्या मार्फत बोलतात. "तन्वी, बाबांना सांग दूध आण." "तन्वी, आईला सांग आणलंय." पोरगी वैतागली आहे.

दुसऱ्या दिवशी मी बर्नीला शिरा नेऊन दिला. 'ग्रँड' म्हणाली.

सुरेखा


वॉटरफोर्ड, ३ ऑक्टोबर

प्रिय सुरेखाताई,

उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. पाय मुरगळला होता. इथल्या नदीच्या घाटावर फिरायला गेले असताना पडले. विशेष काही नाही. आशिषने पट्टी आणून दिली आहे. अक्षयाला सांगू नका, उगीच धावत येईल.

हर्षवर्धनांनी मत कोणाला दिले हा त्यांचा अधिकार आहे. बायकोशी खोटे बोलायला नको होते, एवढेच मी म्हणेन.

राजकारणाविषयी सध्या लिहावेसे वाटत नाही.

स्नेहलता


नास, ७ ऑक्टोबर

स्नेहलताताई,

तुमच्या पत्रात इतकी कमी वाक्यं आयुष्यात प्रथमच पाहिली. पाय मुरगळल्यावर हात का आखडतो ते मला समजत नाही. बरं, विचारत नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांगा.

नवा नियम आलाय, कळलं असेलच. आपल्यासारख्यांचं कार्ड आता आपोआप पुढे जाणार नाही. मुलावर पूर्ण अवलंबून आहे हे दाखवायचं, घराबाहेरच्या एका आयरिश माणसाची चिठ्ठी जोडायची, मग साहेब ठरवणार.

रविवारी हर्ष तो फॉर्म घेऊन स्वयंपाकघरात बसला. मी भाकऱ्या थापत होते. तो इंग्रजीत लिहून मला मराठीत सांगत होता.

"आईला स्वतःचा स्वयंपाक करता येत नाही."

मी तव्यावरची भाकरी उलटली.

"आई कोणाच्या मदतीशिवाय घराबाहेर जाऊ शकत नाही."

म्हटलं, "परवा तुझ्या पोरीला शाळेतून कोण घेऊन आलं?"

"आई, असंच लिहावं लागतं."

"आणि?"

"भारतात आईचं कोणी नाही. घरदार नाही."

तीनपैकी एकच खरं निघालं, आणि तेही त्याने आणि मी मिळून केलेलं. त्याच्याच सांगण्यावरून गिरणी विकली.

तेवीस वर्षं गिरणी चालवली मी. नवरा गेला तेव्हा हर्ष सातवीत होता. गिरणीच्या दगडाला टाकी लावायला माणूस मिळाला नाही तर स्वतः छिन्नी घेऊन बसायची. आणि आता मी सही करायची, की मी कुचकामी आहे, ओझं आहे, मुलाच्या गळ्यात पडलेली आहे. आणि हे ज्याच्यामुळे करायचं, त्याला निवडून कोणी दिलं, तर ज्याच्या गळ्यात पडले त्यानेच.

मी दोन दिवस सही केली नाही. तिसऱ्या दिवशी केली. का केली? कारण एस्टी स्टँडवर माझं कोणी नाही. मान वर ठेवून जायला जागा लागते, ताई. जागा नसेल तर मान खाली घालून सही करायची. मी काही मोठी बाई नाही.

चिठ्ठीसाठी बर्नीकडे गेले. तन्वीला बरोबर नेलं. बर्नीने चष्मा लावून सगळं वाचलं, आणि मग तिचे डोळे पाणावले. तन्वीने सांगितलं तेव्हा कळलं. बर्नीनेही त्यालाच मत दिलंय! तिचा नातू बायको आणि तान्ह्या पोरीला घेऊन तिच्या छोट्या खोलीत राहतो. डब्लिनकडच्या क्लोनडॉकिनचं भाड्याचं घर मालकाने काढून घेतलं, दुसरं मिळत नाही. ही काय करणार? ज्याने घराचं नाव काढलं, त्याला मत दिलं.

माझा हात धरून म्हणाली, "नॉट यू, लव्ह. आय डिडन्ट मीन यू." तू नाहीस गं, तुझ्यासाठी नव्हतं ते.

हर्षही तेच म्हणतो. तुम्हीही तेच लिहिलं होतं. ज्याला विचारावं त्याच्या मनात दुसराच कोणीतरी असतो. मग तो दुसरा कोण, हे मी आता विचारायचं सोडून दिलंय.

चिठ्ठी तिने लगेच लिहिली. दोन पानं. माझं काय कौतुक केलंय म्हणून सांगू. थालीपीठसुद्धा घातलंय त्यात, हर्षला ते खोडायला लावलं. स्वयंपाक येत नाही म्हणून लिहिलंय ना आपण.

तुमचा फॉर्म भरला का?

सुरेखा


वॉटरफोर्ड, २१ ऑक्टोबर

प्रिय सुरेखाताई,

तुम्ही विचारले नाही, म्हणून सांगते.

मी माझी मी पडले नाही. घाटावर बाकावर बसले होते. तीन-चार मुलगे आले, पंधरा-सोळा वर्षांचे. शाळेचा गणवेश होता. मी हसून त्यांच्याकडे पाहिले, सवयीने. गणवेशातले मूल दिसले की मी हसते. एकाने विचारले, परत कधी जाणार? मला वाटले सहज विचारतोय. मी म्हटले, जानेवारीत कदाचित, नातेवाइकांना भेटायला. ते हसायला लागले. मग एकाने माझी शाल ओढली. मी शाल धरून ठेवली आणि त्या ओढाओढीत खाली आले. मी शाल सोडली असती तर पडले नसते. इतक्या वर्षांत मुलांसमोर मी कधी खाली पडले नव्हते.

मला उठवायला एक बाई धावत आली. आयरिशच होती. टॅक्सी करून दिली, स्वतः बरोबर आली. तेही लिहिले पाहिजे, नाहीतर अर्धेच सांगितल्यासारखे होईल.

आशिषला मी पाय घसरला असेच सांगितले आहे. कारण तो म्हणाला असता, पोरे आहेत, सगळीकडे असतात. आणि तो तसे म्हणाला असता तर मला सहन झाले नसते. कदाचित सप्टेंबरात मीही तसेच म्हटले असते.

फॉर्म मी स्वतः भरला. आशिषला हात लावू दिला नाही. जे खरे आहे ते लिहिले: मी निवृत्त शिक्षिका आहे, मला निवृत्तिवेतन मिळते, माझी प्रकृती ठीक आहे, मी कोणावर भार नाही, मुलाच्या घरी राहून नातवंडांना मराठी शिकवते. इंग्रजी दोनदा तपासले. कडक मुख्याध्यापकालासुद्धा स्वच्छ अक्षर आणि खरे उत्तर आवडते, असा माझा अनुभव आहे.

तुम्ही सही केलीत यात मला काही गैर वाटत नाही. मला मात्र ते जमणार नाही.

आपली,
स्नेहलता


नास, २३ ऑक्टोबर

ताई,

तुमचं पत्र आत्ताच तन्वीच्या शाळेसमोर उभी राहून वाचलं. शालीचं वाचून त्या पोरांच्या चार पिढ्या मी शिव्यांनी धुवून काढल्या, मराठीत. एक बाई मान डोलावून गेली. तिला वाटलं असेल देवाचं काही म्हणतेय.

ते असो. फॉर्म टाकलात की अजून घरात आहे? घरात असेल तर फाडा. लगेच फाडा. अहो, परीक्षा नाही ही! तिथे विचारलंय, तुम्ही ओझं आहात का? आणि तुम्ही लिहिलं, मी ओझं नाही. मग ते म्हणतील, ओझं नाही तर जा घरी!

तुम्हाला चालता येत नाही असं लिहा. डोळ्यांना दिसत नाही असं लिहा. पाय दुखतो हे तरी खरं आहे ना, ते लिहा. आशिषला बसवा. तुमची मान खाली जात नसेल तर माझ्याकडे या, मी धरते ती खाली.

उत्तर पाठवू नका, फोन करा. स्पीकरवर असला तरी चालेल.

सुरेखा


वॉटरफोर्ड, ४ डिसेंबर

प्रिय सुरेखाताई,

तुमचे ते पत्र आले तेव्हा फॉर्म जाऊन दोन दिवस झाले होते. म्हणून फोन केला नाही. फोन करून तुमच्या आवाजात तेच ऐकायचे नव्हते.

काल निर्णय आला. शब्दशः मराठी करून उतरवते: 'अर्जदार स्वतःच्या उत्पन्नावर स्वतंत्रपणे राहू शकत असल्याचे तिच्या स्वतःच्या निवेदनावरून दिसते. अवलंबित्व सिद्ध होत नाही.' एकतीस जानेवारीपर्यंत देश सोडायचा आहे. परत यायचे तर पाहुणी म्हणून, काही आठवड्यांसाठी.

व्याकरणाची एकही चूक नाही त्यांच्या पत्रात. मी तपासले.

आशिष वकिलाकडे जाऊ म्हणतो आहे. वकील म्हणेल, आधीचे निवेदन चुकीचे होते असे लिहून द्या. ते मी देणार नाही. नागपूरचे घर झाडून घ्यायला पुतण्याला सांगितले आहे.

माझी एक विनंती आहे. अक्षयाला सांगू नका. नाताळच्या सुटीत ती येईल तेव्हा मी समोर बसवून सांगेन. तोपर्यंत तुमच्याकडचा निर्णयही आलेला असेल. तुमचा चांगला येवो, ही मनापासून इच्छा.

आपली,
स्नेहलता


नास, ८ डिसेंबर

स्नेहलताताई,

तुम्ही सांगू नका म्हणालात. मी सांगितलं. आधी हे लिहून टाकते, मग पुढचं.

शुक्रवारी माझं कार्ड आलं. दोन वर्षांचं. संध्याकाळी सगळे जेवायला जमले तेव्हा मी ते टेबलावर ठेवलं. तन्वीने टाळ्या वाजवल्या. अक्षया हसली, सप्टेंबरनंतर पहिल्यांदा हर्षकडे तोंड करून हसली. हर्षने कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं, आणि म्हणाला, "बघ. मी म्हणत होतो ना? ते आपल्याबद्दल नव्हतंच."

 अक्षया भांडायच्या मनःस्थितीत नव्हती, आनंदात होती. म्हणाली, "आता माझ्या आईचंही येईल." आणि हर्ष म्हणाला, "अर्थात येणार."

ताई, तुमचं पत्र माझ्या पदरात होतं. नाताळपर्यंत हे ऐकत बसायचं? तो रोज म्हणणार आपल्याबद्दल नव्हतं, आणि तुमची पोर रोज मान हलवणार? माझ्याने ते झालं नसतं. मी पत्र काढून हर्षपुढे ठेवलं. म्हटलं, "वाच. मोठ्याने."

त्याचं मराठी वाचन आता अडखळतं. 'अवलंबित्व'वर दोनदा अडकला. एकतीस जानेवारीपाशी थांबला. पुढचं वाचेना. अक्षयाने त्याच्या हातातून पत्र घेतलं आणि उरलेलं स्वतः वाचलं, तुमची विनंतीसुद्धा. मग नीट घडी घालून माझ्याकडे परत दिलं. रडली नाही. त्याला विचारलं, "हे कोणाबद्दल होतं, हर्ष?"

तो म्हणाला, "आईंनी तसं लिहायला नको होतं फॉर्ममध्ये."

मी आई आहे त्याची, पण तेव्हा मला ताट फेकून मारावंसं वाटलं. तुम्ही खरं लिहिलं म्हणून चूक तुमची. त्याने माझ्याबद्दल खोटं लिहिलं म्हणून तो शहाणा. आणि मत दिलं ते कुठे गेलं? ते कोणाच्याच खात्यात नाही. अक्षया उठून वर गेली. बॅग भरली. काल सकाळच्या बसने ती तन्वीला घेऊन तुमच्याकडे निघाली. हे पत्र पोचेपर्यंत ती तुमच्या समोर असेल. परत कधी येणार ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. हर्षने थांबवलं नाही. दारात उभा होता, एवढंच.

त्याला मी सांगितलंय, जानेवारीत विमानतळावर तुम्हाला सोडायला तू जायचंस. आशिषने नाही. बॅगा तू उचलायच्या, रांगेत तू उभं राहायचं, आणि त्या आत जाईपर्यंत तिथून हलायचं नाही. 'हो' म्हणाला. बघू.

आता खरं सांगायचं ते. हर्षला बोलणं सोपं होतं, ते मी बोलले. हे तुम्हालाच लिहू शकते.

त्या दिवशी दुपारी दोन पाकिटं एकदम आली होती. घरात मी एकटी. एक सरकारी, एक तुमचं. तुमचं अक्षर मी लांबून ओळखते. तरी आधी सरकारी पाकीट फोडलं. त्यात माझा फोटो असलेलं कार्ड होतं. मी मोठ्याने म्हणाले, "सुटले बाई." मग वाटलं, तुमचं पत्र चहा घेऊन निवांत वाचू. त्या पत्रात काय असेल, याचा मला अंदाज होता, ताई. पत्र जाड नव्हतं. चांगली बातमी असती तर तुम्ही चार पानं लिहिली असती.

मी चहा केला. खुर्चीत बसले. कार्ड समोर ठेवलं, तुमचं पाकीट पालथं. आणि पूर्ण कप प्याले. साखर नेहमीपेक्षा एक चमचा जास्त घातली होती.

सुरेखा